रिकाम्या पिकअपला मागे ६५ हवा ठेवायची की कमी करायची?

वणीकर_पिकअप

नमस्कार मंडळी. दीड टनी पिकअप आहे. टायर ७.०० आर १५, रेडियल, ट्यूबवाले. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढे ४५ आणि मागे ६५ पीएसआय लिहिलं आहे. कापसाचा हंगाम सोडला तर गाडी आठवड्यातले पाच दिवस रिकामीच फिरते. फार तर दोन पोती सरकी ढेप, नाहीतर फवारणीचा पंप आणि पाण्याचा ड्रम.

मागे कायम ६५ ठेवतो. त्यामुळे मागचे दोन्ही टायर मधात घासले आहेत. मधल्या पट्ट्यात नक्षी साडेचार मिलिमीटर उरली, कडांना सहा. वणी-घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी केलेल्या खड्ड्यांत मागचा हौदा उड्या मारतो. आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी तिरपी होते. शॉकअप तपासून घेतले, ठीक आहेत.

एक टायरवाला म्हणतो ६५ च्या खाली आणू नका, दुसरा म्हणतो ३० ठेवा, गादीसारखी चालेल. नेमका आकडा कसा काढायचा?

हिशोबी_हवा

स्टिकरवरची ६५ ही मागच्या एक्सलवर कंपनीने मान्य केलेलं पूर्ण वजन असताना लागणारी हवा आहे, आणि तीही थंड टायरमधली. रिकाम्या गाडीचा आकडा बऱ्याच पिकअपच्या स्टिकरवर नसतोच. काहींच्या माहितीपुस्तिकेत रिकामी आणि भरलेली असे दोन रकाने असतात, तुमच्या पुस्तिकेत असतील तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, तेच आकडे धरा.

नसतील तर गाडी काट्यावर न्या. जिनिंगवर किंवा बाजार समितीत वजनकाटा असतोच. तीन वजनं घ्यायची: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग पुढची उतरवून फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण गाडीच्या वजनाइतकं झालं पाहिजे, दहावीस किलोचा फरक चालतो. जास्त फरक आला तर दोन कारणं असतात. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत नसेल तर गाडी तिरपी होऊन वजन एका एक्सलकडे सरकतं. किंवा हँडब्रेक ओढलेला असतो आणि पाटे (हौद्याखालच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) ताणात अडकून राहतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी सीटवरच. पुढच्या वेळी कापूस भराल तेव्हा भरलेल्या गाडीचीही अशीच वजनं घ्या. आकडे इथे टाका, हिशोब करून देतो.

तोवर टायरच्या कडेवर काय लिहिलंय तेही वाचून ठेवा. आकाराच्या मागे ११८/११६ असा आकडा असतो, तो लोड इंडेक्स. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असतील तर. ११८ म्हणजे एका टायरला १३२० किलो, ११६ म्हणजे १२५०, ११२ म्हणजे ११२०.

पंक्चर_चौक

भाऊ, हवा कमी कराले माही ना नाई. पण उद्या रस्त्यानं जाता जाता फोन आला, बारा क्विंटल तूर पडून हाये, गाडी लावा, तं मंग काय करसान? पेट्रोलपंपावरची हवेची मशीन आपल्या भागात निम्म्या वेळा बंदच राहते. अन् ३५ हवेवर बारा क्विंटल टाकून मे महिन्यात डांबरी रस्त्यानं साठच्या स्पीडनं गाडी हाणली का टायर गेलाच समजा.

कसा जाते तेबी सांगतो. हवा कमी असली का टायरची बाजू दर फेऱ्याले दबते अन् सुटते. त्यानं आतल्या आत उष्णता होते. वरून पाह्यलं तं टायर साजरा दिसते, पण आत रबर अन् दोऱ्याच्या थराची पकड सुटते. पयले बाजूले फुगा येते, नाई तं वरची नक्षी पट्टीवाणी सोलून निंगते. लोकं म्हणतात उन्हानं फुटला. ऊन त मदत करते फक्त, मारते कमी हवा. फुटलेला टायर उघडून पाहजा, आतून काळी भुकटी पडत असली तं तो कमी हवेवर चालला हाये.

म्हणून म्या तं गिऱ्हाइकाले एकच सांगतो, टायरवर ज्यास्तीत ज्यास्त जेवढी लिहिली तेवढी भरून ठेवा, डोक्याले ताप नाई.

हिशोबी_हवा

चौकवाले भाऊ, टायर कसा जातो ते तुम्ही सांगितलं तसंच्या तसं. फक्त शेवटच्या ओळीशी माझं जमत नाही. टायरच्या कडेवरचा मोठा आकडा हा त्या टायरच्या कमाल वजनासोबत लिहिलेला असतो: इतके किलो, इतकी हवा. एका चाकावर १३२० किलो असतील तरच त्या हवेचं काम आहे. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकावर चारशे किलोही नसतात. मग टायर फुटबॉलसारखा टणक होतो, रस्त्याला फक्त मधला पट्टा लागतो आणि प्रश्नकर्त्याने सांगितलेले तिन्ही त्रास एकाच कारणाने सुरू होतात. मधला पट्टा झिजतो, खड्ड्याचा दणका टायर गिळत नाही म्हणून पाट्यांकडे जातो, आणि जमिनीवरची पकड कमी म्हणून ब्रेकला चाक लवकर जाम होतं.

फोन आला तर काय, हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याचं उत्तर गाडीत गेज आणि पंप असण्यात आहे. ते नसेल तर ६५ वर राहिलेलं बरं. टायर मधात घासला तर दोन-तीन हजारांचं नुकसान, भरल्या गाडीत फुटला तर जीव जातो.

वणीकर_पिकअप

दोन्ही वेळची वजनं घेतली. दोन्ही वेळा ड्रायव्हर धरून:

रिकामी: पुढे १०१०, मागे ७८०, एकूण १७९० किलो.
१५ क्विंटल कापूस भरून: पुढे ११२०, मागे २१७०, एकूण ३२९० किलो.

टायरवर ११८/११६ आहे. आरसी बुकात मागच्या एक्सलचं वजन पाहिलं, २१७० त्याच्या आत बसतं.

हिशोबी_हवा

हे आकडे नीट पाहा. १५०० किलो माल टाकल्यावर पुढच्या एक्सलवर वाढले फक्त ११० किलो. बाकी १३९० सगळे मागे गेले. म्हणजे पुढच्या हवेत रिकामी-भरलेली असा खेळ करण्यात अर्थ नाही. पुढे ४५ कायम ठेवा, फार तर ४२. इंजिन पुढे बसलंय, ते वजन कुठे जात नाही. बहुतेकजण हवा कमी करताना चारही चाकांची सारखी करतात, आणि तिथेच स्टिअरिंग जड होतं, पुढच्या टायरच्या कडा खाल्ल्या जातात.

आता मागचं. तुमच्या भरलेल्या वजनाला ६५ लागते असं धरू.

६५ × ७८० ÷ २१७० = २३.४

त्रैराशिकाने २३ येते. पण २३ भरू नका. त्रैराशिक फक्त वजन उचलण्यापुरतं बोलतं. हवा टायरला रिमवर घट्ट धरूनही ठेवते, आणि खड्ड्याच्या धारेवर रिम आदळू देत नाही. ही कामं गाडी रिकामी आहे म्हणून कमी होत नाहीत. या जातीच्या जाड, १० ते १२ प्लायच्या टायरला रस्त्यावर ३५ ही मी खालची हद्द धरतो. तुमच्या खड्ड्यांच्या रस्त्याला रिकाम्या गाडीत मागे ३८ ठेवा. ३० सांगणाऱ्या टायरवाल्याचं गणित वाईट नाही, पण त्याने ट्यूबचा विचार केलेला नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

मधल्या वजनाला तेच सूत्र चालतं. आठ क्विंटल टाकले तर मागे साधारण ७४० किलो वाढतील, म्हणजे १५२०. ६५ × १५२० ÷ २१७० = ४५.५. त्यावर चार-पाच जास्त ठेवून ५० भरा. बारा क्विंटलच्या पुढे सरळ ६५. सरळ प्रमाणाने काढलेला आकडा टायर कंपन्यांच्या वजन-हवा तक्त्यापेक्षा थोडा जास्तच येतो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

आणि मागची हवा पुढच्यापेक्षा फार खाली नेऊ नका. पुढे ४५ आणि मागे ३० असं केलं तर वळणावर मागचा भाग लोळल्यासारखा होतो. सात-आठचा फरक पुरे.

ट्यूबचं असं आहे. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो, तो जागेवर राहतो. रोज थोडं थोडं करत व्हॉल्व्हची मान तिरपी होते आणि एक दिवस मुळातून कापली जाते. तेव्हा हवा हळूहळू जात नाही, एकदम बसते. हवा कमी केल्यावर टायर आणि रिम दोन्हींवर मिळून एक रंगाची रेघ मारून ठेवा. आठवड्याने रेघ तुटलेली दिसली किंवा व्हॉल्व्ह सरळ उभा नसला तर हवा चार-पाचने वाढवा, आणि तो टायर सोडवून ट्यूब पुन्हा सरळ बसवून घ्या.

पाटे_आणि_ब्रेक

मागची चाकं जाम होतात त्याबद्दल थोडं वेगळं. हवा ३८ केल्यावर फरक पडेल, पण सगळा दोष हवेचा नसावा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बहुतेक गाड्यांना मालक घेतल्या घेतल्या मागे एक-दोन जादा पाटे टाकून घेतात. तुमच्या गाडीला टाकलेत का?

विचारायचं कारण असं की अनेक पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. हौदा खाली बसला की तो समजतो माल भरला, आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब देतो. हौदा वर असला की दाब कमी करतो, रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होऊ नयेत म्हणून. ही दांडी तुटलेली, गंजून अडकलेली किंवा कुणी तारेने बांधून टाकलेली असेल तर रिकाम्या गाडीतही मागे पूर्ण दाब जातो. जादा पाटे टाकले तर उलटं होतं: माल भरूनही हौदा पुरेसा बसत नाही, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी पडतो. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते चटकन लक्षात येत नाही. पाटे वाढवले असतील तर दांडीची सेटिंग पुन्हा करून घ्यावी लागते.

उड्यांचंही तसंच. पाट्यांच्या मधात गंज आणि फुफाटा बसला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळे मिळून एक लोखंडी पट्टी होते. मग हवा ३८ करा नाहीतर ३४, फरक अर्धाच पडेल. वर्षातून एकदा पाटे उतरवून तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावायचं. बसवताना यू-बोल्ट आवळायचे, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळायचे. दुसऱ्यांदा आवळायला कुणी येत नाही, हीच अडचण.

काहीजण हौद्यात रेतीची चार पोती टाकून ठेवतात. उड्या कमी होतात, खरं आहे. टाकायचीच तर एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, केबिनच्या बाजूला, आणि दोरीने बांधून. मागच्या फळक्याजवळ टाकली तर पुढचा भाग हलका होतो आणि पावसात स्टिअरिंग ऐकत नाही. पण दीड-दोन क्विंटल रेती वर्षभर डिझेल जाळून फिरवण्यापेक्षा हवा कमी करणं स्वस्त पडतं.

वणीकर_पिकअप

एक जादा पाटा आहे, सेकंड हँड घेतली तेव्हापासूनच. दांडी पाहिली, जागेवर आहे पण तिच्यावर चिखलाचा गोळा होऊन घट्ट बसली आहे. साफ करून सेटिंग करून घेतो.

दोन शंका. हवा कधी मोजायची? जिनिंगवर माल उतरवला की टायर गरम असतात, तिथेच ३८ करू का? आणि पांदण रस्त्याने वावरात जायचं असेल तर अजून कमी करावी का?

हिशोबी_हवा

सकाळी, गाडी हलवण्याआधी. किमान तीन तास उभी असली पाहिजे. एका बाजूला ऊन असेल तर त्या बाजूचे टायर दोन-तीन जास्त दाखवतात, म्हणून दुपारचं माप धरू नका.

गरम टायरमध्ये ६५ ची ७२ झालेली असते. तिथे ३८ वर आणलीत तर सकाळी ती ३४ च्या आसपास भरेल. म्हणून जिनिंगवर ४२ वर थांबा, सकाळी थंड असताना ३८ झाली का ते पाहा. भरल्या गाडीत, चालता चालता मोजून "७२ झाली, सोडा" असं मात्र कधीच करू नका. ती वाढ व्हायलाच हवी. उलट तिचा उपयोग करून घ्या: थंड हवा मोजा, तीस-चाळीस किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवा, लगेच पुन्हा मोजा. दहा टक्क्यांच्या आसपास वाढली तर हवा वजनाला बरोबर. वीस टक्के वाढली तर टायर जास्त दबतो आहे, हवा कमी आहे. जवळपास वाढलीच नाही तर हवा गरजेपेक्षा जास्त.

आपल्याकडे ऋतूचाही फरक मोठा. मे महिन्यात ४० डिग्रीला भरलेली ३८ हवा डिसेंबरच्या पहाटे १० डिग्रीला ३३ दाखवेल, टायर कुठेही न गळता. ६५ भरलेली असेल तर ५७-५८. दिवाळीनंतर थंडी पडली की एकदा आणि होळीनंतर एकदा सगळी चाकं नव्याने मोजा.

गेज स्वतःचं घ्या आणि तेच वापरा. दोन गेजमध्ये तीन-चारचा फरक सहज असतो. एकच वापरलं तर निदान चूक तरी सारखी राहते. हवा सोडताना व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढू नका. ६५ च्या जोराने ती उडते आणि फुफाट्यात सापडत नाही.

खडूची खूणही करून बघा. मागच्या टायरच्या रुंदीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूने जाड पट्टा ओढा. सपाट डांबरी रस्त्यावर सरळ वीस-तीस मीटर जा. फक्त मधात पुसलं तर हवा जास्त, फक्त कडांना पुसलं तर कमी. तुमचे टायर आधीच मधात दीड मिलिमीटर झिजलेत, त्यामुळे या टायरवर खडू थोडा फसवेल. नवे टाकाल तेव्हा करा. आणि खडू फक्त टेकण सांगतो, वजन पेलायची ताकद सांगत नाही.

पंक्चर_चौक

पांदणीचं म्या सांगतो. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक फसलं तं २५-२८ करजा, टायर चपटा होऊन पसरते, गाडी निंगते. पण वीसच्या वर स्पीड नाई, जोरात वळण नाई, अन् डांबरावर आल्याबरोबर पयले हवा भरायची. माती टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत गोळा झालं असन तं हवा कमी करूनबी काही होत नाई, पयले माती खरवडा.

सुक्यात मात्र उलटं. पऱ्हाटी उपटल्यावर, नाई तं तूर कापल्यावर वावरात खुंट राहतात, तिरपे कापलेले, सुरीवाणी. हवा कमी असली का टायरची बाजू बाहेर फुगते अन् खुंट तिथंच घुसते. नक्षीतला पंक्चर निंगते, बाजूचा छेद नाई निंगत. वावरात सुक्यात जाचं असन तं ४५ ठेवजा अन् खुंटाच्या ओळीतून चाक घालू नका, धुऱ्यानं जा.

अन् हिशोबीभाऊ, तुमचं ३८ मले पटलं. गिऱ्हाइकाजवळ गेज असन तं सांगीन. नसन तं ६५.

पाटे_आणि_ब्रेक

पंप घेताना एक बघा. सिगारेट लायटरच्या भोकात लावायचे छोटे पंप मोटारसायकल आणि कारसाठी असतात. ३५ पर्यंत बरे चालतात, पन्नासच्या पुढे गरम होऊन बंद पडतात. दोन मागच्या टायरला ३८ वरून ६५ करायची तर थेट बॅटरीला चिमटे लावणारा, दोन सिलिंडरचा पंप पाहिजे. इंजिन चालू ठेवूनच चालवा. एक टायर झाला की पाच मिनिटं थंड होऊ द्या.

वणीकर_पिकअप

आज सकाळी पुढे ४५, मागे ३८ केली. एलएसपीव्हीची दांडी साफ झाली, सेटिंग उद्या. स्टेपनीत किती ठेवू? ती पण ३८ च का?

हिशोबी_हवा

स्टेपनीत ६५. ती कधी पुढे लागेल, कधी भरल्या गाडीला मागे लागेल, आधी कळत नाही. रस्त्यावर हवा सोडता येते, भरता येत नाही. आणि हौद्याखाली टांगलेली स्टेपनी कुणी मोजत नाही, म्हणून तिचा व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल अशी बांधा. झोपून का होईना, गेज लागलं पाहिजे.